साड्यांखालचं पाकीट

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा सत्तावीस वर्षांचा आहे. राज्य शासनाच्या एका बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, नोकरीला चौदा महिने झालेत. त्याआधी स्पर्धा परीक्षेची चार वर्षं आणि क्लाससाठी वडिलांनी काढलेलं कर्ज. तो म्हणतो, "मार्चअखेरची बिलं निघाली आणि एका संध्याकाळी माझ्या ड्रॉवरमध्ये पाकीट सापडलं. शाखेतले सीनियर म्हणाले, सगळ्यांचं असतं, तुझंही आहे. मी काही मागितलं नव्हतं, कुणाचं काम अडवलं नव्हतं, चुकीच्या कागदावर सही केली नव्हती. चार हजार होते, ते एका अनाथाश्रमाला देऊन टाकले. जूनमध्ये दुसरं आलं, साडेसहा हजारांचं. ते घरी कपाटात आईच्या साड्यांखाली आहे. एकदा उघडून मोजले आणि पुन्हा चिकटवून ठेवलं. मला नको म्हणालो तर सीनियर हसले. म्हणाले, तू घेतलं नाहीस तर बाकीच्यांना झोप लागणार नाही. ताई, घेऊन दान केलं तर चालेल का? की नोकरी सोडू? की आत्ता गप्प बसून वरच्या पदावर गेल्यावर सगळं सुधारू? दिवाळीनंतर लग्न आहे. होणाऱ्या सासऱ्यांनी पगार विचारला आणि मग 'वरचं किती' तेही विचारलं. मी नुसता हसलो. ते हसणं अजून टोचतंय."

तुला अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

तुझ्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या कपाटापाशी थांबले. पैसे आपले वाटले असते तर तू पाकीट परत चिकटवलं नसतंस. आणि मुळीच आपले वाटले नसते, तर मोजलेही नसतेस. हे टोचून बोलत नाही. तू नेमका कुठे उभा आहेस ते एवढ्यावरून कळलं, म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल असं ठरवलं.

मी वकील नाही. सरकारी लेखा शाखेत बत्तीस वर्षं काढली, लिपिक म्हणून लागले आणि लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. तू रस्त्यावर टेप धरतोस, मी टेबलावर त्याच मोजमापाचं बिल तपासायची. त्यामुळे ही पाकिटं मला उलट्या बाजूने माहीत आहेत.

आधी तुझं 'मागितलं नाही आणि चुकीचं काही केलं नाही' हे वाक्य घेऊ, कारण तुझी सगळी इमारत त्यावर उभी आहे. कायद्यापुरतं बोलायचं तर ती पायाच नसलेली इमारत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ सालचा, २०१८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की लोकसेवकाने असा लाभ स्वीकारणं हाच गुन्हा. त्याने आपलं काम नीट केलं होतं की नाही, याने फरक पडत नाही. लाभ थेट हातात आला की तिसऱ्या माणसाच्या मार्फत ड्रॉवरमध्ये, यानेही पडत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण "मी कुठे मागितलं" या वाक्यावर रात्रीची झोप टांगू नकोस.

दानाचं उत्तर त्याहून सोपं आहे, जरा कडू आहे एवढंच. कंत्राटदार पाकीट स्वतःच्या खिशातून भरत नाही, बिलातून भरतो. आणि बिल रस्त्यातून निघतं. अनाथाश्रमाला तू जे चार हजार दिलेस, तेवढ्याची खडी किंवा तेवढं डांबर कुठल्यातरी वळणावर कमी पडलंय. ज्या गावाचा तो रस्ता, त्या गावाला न विचारता तू त्यांच्या पैशांचं दान केलंस. (पावती दाखवून आयकरात सूट घेतली नाहीस ना? हसू नकोस, असे महाभाग मी पाहिलेत.)

आता तुझ्या सीनियरचं वाक्य. "बाकीच्यांना झोप लागणार नाही." मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे, आणि ते तुझ्या नाही, त्यांच्या तोंडून आलंय. तुझ्याकडून अजून कुणाला काही हवं नव्हतं, मग पाकीट कशासाठी? नोकरीला चौदा महिने झालेल्या पोराची सही अडली तर कुणाचं काय अडतं? ते पैसे तुझ्या कामाचे नव्हतेच. तू पाहशील त्याचे होते. उद्या तू काही बोलायला गेलास तर "तूही घेतलंस की" एवढं म्हणायची सोय त्यांनी साडेसहा हजारांत करून ठेवली. महाग सौदा नाही. अजून एक सांगते, पुढच्या वर्षी नवीन पोरगा आला की त्याच्या ड्रॉवरमध्ये पाकीट ठेवायचं काम तुझ्याकडे येईल. ज्युनियरकडेच येतं ते. कधी कुणी कंत्राटदार वैतागून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेला आणि सापळा लागला, तर अँथ्रासीन पावडर लावलेल्या नोटा ज्याच्या हातात असतात त्याची बोटं अतिनील दिव्याखाली चमकतात. ज्याच्या सांगण्यावरून त्या हातात आल्या, त्याची चमकत नाहीत.

इथवर वाचून तुला वाटेल, ठीक आहे, घेत नाही, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून माझी एक गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाही.

१९९३ साल असेल, मला नोकरी लागून सहा वर्षं झाली होती. पाकीट माझ्या टेबलावर येत नसे, कारण पहिल्याच वर्षी मी नको म्हटलं होतं आणि तेव्हाचे आमचे हेडक्लार्क समंजस होते. आपण स्वच्छ, या समाधानात मी होते. एके दिवशी एका शाळाखोलीचं बिल आलं. सोबत काँक्रीटच्या ठोकळ्यांचा चाचणी अहवाल. हे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मग यंत्रात दाबून फोडतात, तुला सांगायला नको. अहवाल अठ्ठावीस दिवसांचा होता, तारीख २३ फेब्रुवारी. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे कामाची मोजमापं लिहायच्या सरकारी वहीत, स्लॅब भरल्याची तारीख ४ फेब्रुवारी. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांत अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा फुटला होता.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, विचारलं, "अहवाल जोडलाय ना? सही-शिक्का आहे ना?" आहे म्हटलं. "मग आपलं काम झालं. मार्च आहे." मी जागेवर येऊन बसले आणि बिल पुढे सरकवलं. एक रुपया न घेता.

ती खोली पडली नाही. बहुतेक आजही उभी असेल, पोरं त्यात पाढे म्हणत असतील. म्हणजे गोष्टीला शेवट नाही, मला शिक्षा नाही, काहीच नाही. पण त्यानंतर कुणी मला "मॅडम फार प्रामाणिक" म्हणालं की मला ती दोन तारखांची पानं दिसायची. हात स्वच्छ होते, पण त्याच हाताने मी सही केली होती. न घेणं सोपं होतं, त्याने माझं मलाच बरं वाटायचं. शेरा लिहिणं अवघड होतं, आणि ज्यासाठी सरकार मला पगार देत होतं ते तेच होतं.

म्हणून तुला पाकिटापेक्षा पुस्तिकेबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. मोजमाप पुस्तिका, तुमच्या भाषेत एमबी. पानांना क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चुकलं तर रेघ मारून बाजूला आद्याक्षरी. आता काही ठिकाणी ती ऑनलाइन झाली आहे, पण नियमाचा जीव तोच. सरकारने प्रामाणिकपणावर भाषण न देता प्रामाणिक राहण्याची जी साधनं करून ठेवली आहेत, त्यातलं हे सगळ्यात जुनं आणि साधं. शिवाजी महाराजांचं १६७६ सालचं एक पत्र आपण सगळे "भाजीच्या देठासही मन नको" एवढ्यापुरतं आठवतो. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते लिहिलंय. पण ते पत्र पुरतं वाचलंस तर कळेल की देठाचा उपदेश त्यात थोडाच आहे. बाकी सगळा हिशेब: वसूल कसा घ्यायचा, धान्य कसं विकायचं, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल, बियाणं नाही त्याला बियाणं कसं द्यायचं आणि वाढीदिढी, म्हणजे व्याज, न लावता मुद्दल कसं फेडून घ्यायचं. सुभेदाराला चांगला माणूस हो एवढंच सांगून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता करायचं काय ते बोलू.

आधी ते पाकीट. घरात ते राहता कामा नये, आणि आईच्या साड्यांखाली तर मुळीच नको. उद्या सापडलं तर प्रश्न तिलाही विचारतील. पण घाईने उचलून सीनियरच्या टेबलावर नेऊन टाकू नकोस. नुसतं परत केल्याने घेतलं होतं हे पुसलं जात नाही. या कायद्याच्या केसेस चालवलेला एखादा फौजदारी वकील गाठ, तुझ्या ऑफिसच्या गावातला नको. कधी, कुठे, किती, कोण काय बोललं, हे तारखेनिशी लिहून ने, आधीच्या चार हजारांसकट. अनाथाश्रमाची पावती असेल तर तीही. कुणाला लेखी कळवायचं, रक्कम कुठे आणि कशी द्यायची, हे तो सांगेल. त्याच्यापुढे काही लपवू नकोस, आणि तोवर ऑफिसात याची चर्चा नको. वकिलाची फी साडेसहा हजारांपेक्षा जास्त होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

मग तिसरं पाकीट. ते येण्याआधी बोलायचं, आल्यावर नाही. पाकीट समोर असताना नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान होतो, आधी म्हटलं तर ती नुसती माहिती होते. सीनियर एकटे असतील तेव्हा सांग, "सर, मला हे चालत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका." एवढंच. कारण देऊ नकोस. घरी वडिलांना आवडत नाही, देवाची शपथ घेतली आहे, लग्न झाल्यावर बघू, असलं काही नाही. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. आणि "मी कुणाला काही सांगणार नाही, काळजी करू नका" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळ. पैसे परत करून गप्प बसण्याचा शब्द देणं म्हणजे तोच सौदा, फक्त फुकटात.

ते हसतील. एक-दोनदा पुन्हा ठेवून बघतील. "महात्मा आला" वगैरे ऐकावं लागेल. तिथे उलट उत्तर देण्याचा मोह टाळ. नव्याने प्रामाणिक झालेल्या माणसाला दुसऱ्यांचे दोष फार स्पष्ट दिसायला लागतात आणि जेवणाच्या डब्याभोवती तो प्रवचन सुरू करतो. लोक लाचखोराला सहन करतात, प्रवचनकाराला नाही. डबा त्यांच्याबरोबरच खा. त्यांची मुलगी दहावीला असेल तर तिचं गणित बघून दे. तुझं भांडण माणसांशी नाही, मोजमापाशी आहे.

आणि त्या मोजमापात मात्र इंचभर हलू नकोस. जागेवर जाऊन मोजलेलं त्याच दिवशी लिही. फोटो तारखेसह ठेव. थर पन्नास मिलिमीटरचा हवा असताना कोर (थराचा आरपार कापलेला नमुना) काढल्यावर अडतीस भरला, तर अडतीस लिही आणि खाली सही कर. "पन्नास धर रे" असं कुणी फोनवर म्हणालं, तर वर्तणूक नियम तुझ्या बाजूने आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम काढून वाच: वरिष्ठाच्या सांगण्यावरून वागायचं तर आदेश शक्यतो लेखी घ्यावा, तोंडी असेल तर नंतर लेखी खात्री करून घ्यावी. म्हणून दोन ओळींची टिपणी: "आज दूरध्वनीवर मिळालेल्या सूचनेबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती." भाषा गोड ठेव, 'विनंती' शब्द गाळू नकोस. माझा अनुभव असा की अशा दहा टिपण्यांतल्या आठांना उत्तरच येत नाही आणि सूचनाही हळूच मागे जाते. मात्र चहा कुठून मागवायचा यालाही लेखी आदेश मागत बसलास तर तू ऑफिसातला विनोद होशील. जिथे मोजमाप, दर्जा किंवा पैसा आहे तिथेच हे हत्यार काढायचं.

हेही ध्यानात ठेव की २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला नुसते कागदच मागता येतात असं नाही. काम पाहता येतं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. म्हणजे तुझी एमबी एका हातात आणि रस्त्याचा तुकडा दुसऱ्या हातात घेऊन कुणीही उभा राहू शकतो. त्या दिवशी तुझे सीनियर तुझ्या शेजारी उभे नसतील, तुझी सही असेल.

"सगळेच घेतात" असं तू पत्रात तीन वेळा लिहिलंयस. कुणी मोजलंय? निवृत्तीनंतर एका लग्नात आमच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही घेत नव्हता? मला वाटायचं तुमचं परस्पर घरी पोचतं." मी बघतच राहिले, कारण मला त्यांच्याबद्दल नेमकं तेच वाटायचं. अठरा वर्षं आम्ही एका खोलीत बसलो, एकीच्या पाठीमागे दुसरी, आणि दोघी आपापल्या जागी एकट्या होतो. त्या ठोकळ्यांच्या बिलावर आवक क्रमांक त्यांच्याच हाताने पडला होता. दोघींनी मिळून तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच नाही. पण साहेबांना दोन जणींना "मार्च आहे" म्हणावं लागलं असतं. तेव्हा तुझ्या शाखेत डोळे उघडे ठेव. पाकिटाच्या दिवशी नेमका रजेवर जाणारा कुणीतरी असेल.

किंमत मोजावी लागेल का? लागेल. बहुधा बदलीच्या रूपात. त्यासाठी २००५ चा बदल्यांचा राज्य कायदा वाचून ठेव. साधारण तीन वर्षांचा कालावधी, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. मुदतीआधी किंवा मध्येच करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. ते न नोंदवता केली तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं, आणि कर्मचारी जातात. तरीही एखादी आडबाजूची बदली पदरात पडेलच, हे धरून चाल. तू अविवाहित असताना ती जितकी सोसते तितकी मुलं शाळेत गेल्यावर सोसत नाही.

यावरून घराकडे येते. माझ्या पाहण्यात चांगली माणसं साहेबांच्या दबावाने कमी वाकली, कर्जाच्या हप्त्यांनी जास्त वाकली. आमच्याकडे एक ओव्हरसियर होते, दहा वर्षं कुणाचा चहासुद्धा न घेणारे. मग त्यांनी पगाराच्या मानाने दुप्पट मोठं घर घेतलं. त्यांना कुणीही धमकावलं नाही, मोह दाखवला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेने ते काम केलं. म्हणून वडिलांचं क्लासचं कर्ज आधी फेड, आणि लग्न तुझ्या पगारात बसेल एवढंच कर. हॉल लहान घेतला म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

सासऱ्यांच्या प्रश्नावर तू हसलास ते तुला टोचतंय, ते टोचू दे. उपयोगाचं आहे. पण त्यांना उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या मुलीशी बोल. एकटा भेटून सांग: पगार हातात इतका येतो, त्यातून इतके कर्जाला जातात, वरचं काही नाही आणि येणार नाही, बदली कुठेही होऊ शकते. आकडे कागदावर लिहून ने. ती हो म्हणाली तर तुला घरात एक साक्षीदार मिळेल, आणि ऑफिसातल्या चौदा जणांपुढे तो पुरतो. नाही म्हणाली, तर दिवाळीआधी कळलं हे बरंच. आणि एक शक्यता तू धरलेलीच दिसत नाही: बापाने तो प्रश्न विचारला तेव्हा आतल्या खोलीत तिचीही मान खाली गेली असेल.

तक्रार करायची का, हे तू विचारलेलं नाहीस, पण प्रश्नाच्या पोटात ते आहे. न घेणं आणि तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळीच करायला हवी असं नाही. मात्र पूल, शाळेची खोली, पाण्याची टाकी, जिथे खोट्या मोजमापाने माणूस मरू शकतो, तिथे तुला गप्प बसायची मुभा नाही. एरवी सवड घे, कागद जमव, वकिलाला विचार. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे, राज्यात लोकायुक्त आहेत. पण आपल्या देशाने या बाबतीत आपल्या माणसांना नीट जपलेलं नाही, हेही तुला कळायला हवं. राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला गैरव्यवहाराबद्दल पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा असं सांगून. ते गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळी घातली गेली. न्यायालयात तो लुटीचा गुन्हा ठरला. त्यानंतर माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, आणि तो अजून अमलातच आणलेला नाही. तेव्हा शौर्य वगैरे डोक्यात घेऊ नकोस. एकट्याने, निनावी, रागाच्या भरात काही पाठवू नकोस. दोघं-तिघं असाल तर उत्तम, कागद पक्के असतील तर त्याहून उत्तम.

नोकरी सोडू का, याला माझं उत्तर नाही असंच आहे. तुझ्या जागी येणारा पाकीट मोजून चिकटवेल याची खात्री काय? पण वर्षभर हे सगळं करून बघितल्यावर झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, तर सोड. त्यात कमीपणा नाही. आणि "वर गेल्यावर सुधारेन" हे मात्र खरंच मनातून काढ. वर जाण्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक पाकीट असतं. तिथे पोचेपर्यंत तुझ्याबद्दल इतक्या लोकांना इतकं माहीत झालेलं असतं की सुधारायला तोंड उघडलंस तर ते नुसते तुझ्याकडे बघून हसतील. सासऱ्यांपुढे तू हसलास तसं.

याच महिन्यात तशाच आशयाची आणखी तीन पत्रं आली आहेत, म्हणून दोन शब्द त्यांनाही. ज्या छोट्या कंत्राटदाराने "द्यावंच लागतं हो" असं लिहिलंय, त्यांनी ध्यानात घ्यावं की २०१८ पासून देणं हाही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतचा. जबरदस्तीने द्यावं लागलं असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. दाखल्यासाठी तीन महिने खेटे घालणाऱ्या ताईंनी अर्जाची पोच हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक सेवांना मुदत आहे, दोन अपिलं आहेत, त्यावर आयोग आहे आणि विनाकारण अडवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. मुदत कधी संपते ते विचारा, नुसतं विचारल्यानेही कागद हलतो. खासगी कंपनीत खरेदी बघणाऱ्या गृहस्थांना वरची गोष्ट बरीचशी तशीच लागू आहे, फक्त एमबीच्या जागी कोटेशन वाचावं.

तुला मात्र सोमवारचं काम देते. वकील शोध, आणि आत्ता चालू असलेल्या कामाचं मागचं मोजमाप तू प्रत्यक्ष जागेवर उभं राहून घेतलं होतंस की ऑफिसात बसून लिहिलं होतंस, ते आठवून बघ. पत्रात 'चुकीच्या कागदावर सही केली नव्हती' असं लिहिलंयस, पण कुठलं काम तू स्वतः मोजलंस ते कुठेच लिहिलेलं नाहीस. ऑफिसात लिहिलं असेल तर टेप घेऊन पुन्हा जा. आणि मुलीशी बोलणं झालं की ती काय म्हणाली ते कळव. या वेळी पाकिटात नुसतं पत्र घाल.